आईच्या जठरात ‘इंटेस्टायनल मेटाप्लेझिया’ निघाला आहे; एनबीआय दुर्बिणीने पुन्हा तपासणी करणे खरोखर आवश्यक आहे का?

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार. माझ्या आईचे वय 62 आहे. गेल्या दिवाळीपासून थोडेसे खाल्ले तरी तिचे पोट गच्च होते, जेवणानंतर छातीखाली जळजळ होते आणि पहाटे मळमळते. गावातल्या डॉक्टरांनी आम्ल कमी करणारी पॅन्टोप्राझोल ही गोळी सुरू केली. गोळी चालू असेपर्यंत बरे वाटत असे आणि थांबवली की आठवडाभरात त्रास पुन्हा सुरू होत असे. म्हणून बेळगावात नेऊन दुर्बिणीची तपासणी केली. अहवालात ‘अँट्रल गॅस्ट्रायटिस’ (अँट्रम, म्हणजे जठराच्या खालच्या भागाची सूज) असे लिहिले होते आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जंतूंसाठीची रॅपिड युरिएज चाचणी निगेटिव्ह होती. त्या वेळी काढलेल्या दोन तुकड्यांच्या बायोप्सी अहवालात मात्र ‘क्रॉनिक गॅस्ट्रायटिस, इंटेस्टायनल मेटाप्लेझिया, डिसप्लेझिया नाही’ असे आले.

आता डॉक्टरांचे म्हणणे असे आहे की एनबीआय (नॅरो बँड इमेजिंग, म्हणजे निवडक रंगांच्या प्रकाशात पाहणे) आणि मॅग्निफिकेशनची (दृश्य मोठे करून पाहण्याची) सोय असलेल्या दुर्बिणीने जठर पुन्हा पाहावे आणि ठरलेल्या पाच जागांचे तुकडे घ्यावेत. आईचा याला ठाम विरोध आहे. एकदा नळी घालून झाली, कर्करोग नाही असे कागदावर आले, मग पुन्हा तोच त्रास कशासाठी, असे ती विचारते आणि तिला पटेल असे उत्तर मला देता येत नाही. तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मामा, जठराच्या कर्करोगाने गेले, त्यामुळे माझ्या मनातली धास्ती जात नाही. आईला लहानपणापासून मशेरीची सवय आहे, हेही सांगून ठेवतो.

पहिल्या तपासणीत जे दिसले नाही ते या निराळ्या प्रकाशात कसे दिसते, ही तपासणी केल्याने उपचारात काही फरक पडतो का, आणि ती बेळगावातच करावी की मिरज-कोल्हापूरकडे जावे, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

शहापूरकर (बेळगाव)

मी डॉक्टर नाही, पण अनेक वर्षे एंडोस्कोपी कक्षात परिचारिका म्हणून काम केले आहे. वैद्यकीय बाजू जाणकार लिहितीलच. मी पूर्वतयारीबद्दल लिहिते, कारण तिथे कसूर राहिली तर कितीही महागडी दुर्बीण असली तरी तिचा उपयोग होत नाही.

जठराच्या अस्तरावर फेस आणि चिकट श्लेष्मा असतो. साध्या प्रकाशात त्यातूनही डॉक्टर काम भागवतात. परंतु बारीक रक्तवाहिन्यांची नक्षी पाहायची असेल तर तो थर निघालाच पाहिजे. त्यासाठी तपासणीच्या पंधरा ते तीस मिनिटे आधी सिमेथिकोन आणि अॅसिटिलसिस्टीन मिसळलेले थोडे पाणी पिण्यास देतात. सगळीकडे हे न मागता मिळतेच असे नाही, तेव्हा वेळ घेतानाच ‘आधी फेस घालवण्याचे औषध देणार ना?’ असे विचारावे. आदल्या रात्री हलके जेवण घ्यावे, त्यानंतर घन अन्न किमान सहा ते आठ तास नको. साधे पाणी साधारणपणे दोन तास आधीपर्यंत चालते, तरी वेळ ज्या त्या रुग्णालयाच्या सूचनेप्रमाणे पाळावी. त्या सकाळी मशेरी अजिबात लावू देऊ नये. कवळी असेल तर काढून ठेवावी लागते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ते मनाने बंद करू नये. तुकडा काढण्यासाठी अॅस्पिरिन बहुधा थांबवावे लागत नाही, पण निर्णय डॉक्टरांचा असावा.

आईंचा विरोध मला समजतो. पहिल्या वेळी घशात फक्त स्प्रे मारून केले असेल तर दुसऱ्यांदा माणूस घाबरतोच. यावेळी गुंगीचे इंजेक्शन देऊन करा, अशी स्पष्ट विनंती करावी. सविस्तर तपासणीला वेळ जास्त लागतो आणि रुग्ण उबळत राहिला तर पडद्यावर काहीच स्थिर दिसत नाही, म्हणून गुंगी डॉक्टरांनाही सोयीची असते. मात्र त्या दिवशी सोबत जबाबदार माणूस हवे आणि खानापूरला परत नेताना दुचाकी नको. संमतिपत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल तर सही करण्यापूर्वी त्यातला मजकूर मराठीत समजावून सांगण्यास सांगावे. आपल्या भागात मराठी बोलणारे कोणी ना कोणी कक्षात असतेच आणि रुग्णाला तो मजकूर कळणे हा त्याचा हक्क आहे.

टिळकवाडी-पोटविकार

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. आईंना न तपासता लिहीत असल्यामुळे हे सर्वसाधारण मार्गदर्शन समजावे. अंतिम सल्ला त्यांच्या डॉक्टरांचाच.

आईंचा प्रश्न अगदी रास्त आहे, तेव्हा तिथूनच सुरुवात करतो. जठराच्या अस्तराला वर्षानुवर्षे सूज राहिली की आम्ल आणि पाचकरस तयार करणाऱ्या मूळच्या ग्रंथी झिजतात आणि काही ठिकाणी त्यांच्या जागी आतड्यातल्यासारख्या पेशी येतात. यालाच इंटेस्टायनल मेटाप्लेझिया म्हणतात. तो कर्करोग नव्हे. असा बदल असलेल्या बहुसंख्य लोकांना कर्करोग कधीही होत नाही. परंतु जठराचा एक नेहमीचा कर्करोग सूज, झीज, मेटाप्लेझिया, डिसप्लेझिया (कर्करोगाआधीचा पेशींचा विकृत बदल) या पायऱ्यांनी पुढे सरकतो आणि त्यामुळे आपण कोणत्या पायरीवर आहोत व बदल किती जागेत पसरला आहे, हे माहीत असावे लागते. दोन तुकड्यांवरून यातले पहिले काहीसे कळते. दुसरे कळत नाही. ‘कर्करोग नाही’ हे कागदावरचे वाक्य त्या दोन तुकड्यांपुरते खरे आहे. उरलेल्या जठराविषयी ते काहीच सांगत नाही, आणि पुन्हा तपासणी करण्याचे कारण नेमके हेच आहे.

आता प्रकाशाविषयी. नेहमीच्या पांढऱ्या प्रकाशात अस्तराचा रंग, उंचवटे आणि जखमा दिसतात. मेटाप्लेझिया बहुतेक वेळा सपाट असतो, आजूबाजूच्या भागाच्याच रंगाचा किंवा किंचित फिकट, आणि ठिपक्याठिपक्यांनी विखुरलेला. अनुभवी डोळ्यालाही तो चुकवून जातो. एनबीआयमध्ये पांढऱ्या प्रकाशातून दोनच अरुंद पट्टे घेतले जातात. एक 415 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा आणि दुसरा 540 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा. या दोन्ही लहरी रक्तातले हिमोग्लोबिन चांगल्या शोषते. निळा प्रकाश फार खोल जात नाही, म्हणून अगदी वरच्या थरातल्या केशवाहिन्या तपकिरी उठून दिसतात; हिरवा थोडा खोल जातो आणि तिथल्या जाड वाहिन्या निळसर-हिरव्या दिसतात. शरीरात कोणतेही रंगद्रव्य सोडावे लागत नाही, दुर्बिणीवरचे बटण दाबले की दृश्य बदलते. या प्रकाशात मेटाप्लेझियाच्या जागी अस्तराच्या कडांवर फिकट निळसर बारीक रेघ दिसते. जपानी डॉक्टरांनी 2006 मध्ये या खुणेचे वर्णन केले आणि तिला ‘लाइट ब्लू क्रेस्ट’ हे नाव पडले. ही रेघ दिसली की तुकडा कुठून घ्यायचा ते ठरते.

मॅग्निफिकेशन ही स्वतंत्र सोय आहे. दुर्बिणीच्या टोकाला मऊ काळी टोपी लावून अस्तरापासून ठरावीक अंतर राखले जाते आणि दृश्य ऐंशीपट किंवा त्याहून मोठे करता येते. संशयास्पद डागाभोवती स्पष्ट सीमारेषा आहे का, आणि त्या रेषेच्या आत रक्तवाहिन्यांची किंवा पृष्ठभागाची नक्षी विस्कटलेली आहे का, हे दोन प्रश्न विचारले जातात. सीमारेषा आणि विस्कळीतपणा दोन्ही असतील तर प्रारंभिक कर्करोगाचा दाट संशय घ्यावा, अशी सुटसुटीत पद्धत जपानमध्ये 2016 मध्ये मांडली गेली. अशा अवस्थेतला कर्करोग वरच्या थरापुरता असेल तर पोट न फाडता दुर्बिणीतूनच सोलून काढता येतो. उपचारात फरक पडतो का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर यात आहे: लवकर सापडले तर जठर वाचते.

यंत्राच्या नावात अडकू नये. एनबीआय ऑलिम्पस कंपनीचे आहे. फुजीफिल्मचे बीएलआय आणि एलसीआय, पेंटॅक्सचे आय-स्कॅन याच हेतूसाठी आहेत, जरी प्रत्येकाची प्रक्रिया वेगळी असली. जुन्या एनबीआय यंत्रांचा प्रकाश जठराच्या ऐसपैस पोकळीत अपुरा पडत असे आणि लांबून सगळे काळपट दिसे. नव्या पिढीत ती अडचण बरीच कमी झाली आहे. जिथे हे काहीच नाही तिथे इंडिगो कार्मिन हे निळे द्रव्य फवारूनही चांगले काम होते. ते अस्तरात शोषले जात नाही; उसाच्या सरीत पाणी साचावे तसे ते खाचांत साचते आणि उंचसखलपणा स्पष्ट होतो.

माझ्या मते प्रकाशापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. दुर्बीण आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत किमान सात मिनिटे द्यावीत, जठर हवेने नीट फुगवून प्रत्येक भिंत पाहावी आणि प्रत्येक भागाचे छायाचित्र ठेवावे, अशी आजची शिफारस आहे. घाईगर्दीच्या दिवशी तीन मिनिटांत उरकलेली एनबीआय तपासणी ही निवांत केलेल्या साध्या तपासणीपेक्षा वरचढ ठरणार नाही. म्हणून बेळगाव की मिरज, याचे उत्तर शहरावर अवलंबून नाही. बेळगावात वैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली मोठी रुग्णालये आहेत, आणि खानापूरहून लोंढा-मिरज मार्गावरची गाडी मिरजेपर्यंतही नेते. फोन करून इतकेच विचारावे की मेटाप्लेझियाचे मॅपिंग, म्हणजे ठरलेल्या जागांचे तुकडे घेऊन बदल कुठे व किती पसरला ते पाहणे, आपल्याकडे नियमित होते का, आणि कोण करते.

शेवटी जंतूंविषयी, कारण आपल्या मजकुरातली मला सर्वांत खटकलेली गोष्ट तीच आहे. पॅन्टोप्राझोल चालू असताना युरिएज चाचणी केली असेल तर तिच्या ‘निगेटिव्ह’ या उत्तरावर विसंबता येत नाही. या गोळ्यांमुळे हेलिकोबॅक्टर पायलोरी जंतूंची संख्या कमी होते आणि ते जठराच्या वरच्या भागाकडे सरकतात. त्यातच मेटाप्लेझिया झालेल्या जागी हे जंतू मुळातच कमी सापडतात. फक्त अँट्रममधून तुकडा घेतला असेल तर ते निसटणे अगदी शक्य आहे. पुढच्या तपासणीपूर्वी दोन आठवडे ही गोळी आणि चार आठवडे प्रतिजैविके बंद असावीत. मधल्या काळात जळजळीसाठी साधे अँटासिड चालते. गोळी बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

निपाणीकर

वरील उत्तर मोलाचे आहे, तरी एक वेगळी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. माझ्या वडिलांच्या बाबतीत अशीच दुसरी तपासणी झाली. बदल मर्यादित असल्याचे कळले आणि घरातल्यांना धीर आला, हे खरे. पण आमच्या निपाणी-चिकोडी भागात आता साध्या पित्ताच्या तक्रारीवरही लोक ‘एनबीआयवाली’ तपासणी मागू लागले आहेत आणि त्यासाठी कर्ज काढणारी कुटुंबे मी पाहिली आहेत. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बाईला हा खर्च म्हणजे कित्येक आठवड्यांची मजुरी असते. कोणाला याची गरज नाही, हेही डॉक्टरांनी तितक्याच स्पष्टपणे सांगावे.

टिळकवाडी-पोटविकार

आपला मुद्दा मान्य आहे. तरुण वय, वजन स्थिर, रक्तक्षय नाही, काळी शौच नाही, गिळताना अडथळा नाही, वारंवार उलट्या नाहीत आणि घरात जठराचा कर्करोग झालेला नाही, अशा माणसाला पोट गच्च होण्याच्या तक्रारीसाठी सुरुवातीला दुर्बिणीचीच गरज नसते, मग विशेष प्रकाशाची गोष्ट दूरच. अशा वेळी गोळ्या बंद असताना श्वासावरची युरिया चाचणी किंवा शौचातली प्रतिजन चाचणी करून जंतू असल्यास उपचार करणे पुरते. कितीतरी रुग्णांचे जठर दुर्बिणीखाली आणि बायोप्सीतही निर्दोष निघते आणि तरी त्यांना खराखुरा त्रास होत असतो. तो फंक्शनल डिस्पेप्सिया आहे. त्यांना ‘तुम्हाला काही झालेले नाही’ असे सांगून परत पाठवणे अन्यायाचे आहे आणि आणखी चार तपासण्या करायला लावणेही तितकेच अन्यायाचे आहे.

मूळ प्रश्नातल्या आईंची गोष्ट वेगळी आहे, कारण बायोप्सीत मेटाप्लेझिया सिद्ध झाला आहे आणि सख्ख्या भावाला हा कर्करोग होता. 2019 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार मेटाप्लेझिया एकाच जागी असेल आणि धोका वाढवणारी इतर कोणतीही बाब नसेल तर पुढे नियमित दुर्बिणीची गरज नाही. एकाच जागी असूनही सख्ख्या नात्यात जठराचा कर्करोग असेल तर तीन वर्षांनी पाहावे. बदल अँट्रम आणि बॉडी (जठराचा मधला मोठा भाग) दोन्हीकडे पसरलेला असेल तर दर तीन वर्षांनी, आणि त्यात सख्ख्या नात्यातला इतिहास असेल तर एक ते दोन वर्षांनी. म्हणजे एक चांगली मॅपिंग तपासणी झाली की पुढच्या कितीतरी अनावश्यक तपासण्या टळू शकतात. निपाणीकरांच्या खर्चाच्या मुद्द्याला माझे हेच उत्तर आहे.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पहिल्या तपासणीच्या आदल्या दिवसापर्यंत आईची पॅन्टोप्राझोल चालू होती आणि ती बंद करावी असे आम्हाला कोणीही सांगितले नव्हते. ‘कर्करोग नाही’ हे वाक्य दोन तुकड्यांपुरतेच खरे, हे आईला वाचून दाखवले, तेव्हा तिने प्रथमच विचार करते असे म्हटले. आणखी दोन शंका आहेत. नळीऐवजी गिळायच्या कॅमेरा-गोळीने हे काम होणार नाही का? आणि एका नातेवाइकांनी सुचवलेली एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड याहून चांगली आहे का?

टिळकवाडी-पोटविकार

कॅप्सूल मुख्यतः लहान आतड्यासाठी आहे. जठरात ती आपल्या मर्जीने गडगडत जाते, पाणी मारून फेस धुऊ शकत नाही आणि तुकडा तर घेऊच शकत नाही. आईंना तुकड्यांचीच गरज आहे, म्हणून कॅप्सूल नको.

अल्ट्रासाउंड दुर्बीण पृष्ठभागाची नक्षी दाखवत नाही, भिंतीचे थर दाखवते. जठराची भिंत तिच्यावर पाच थरांची दिसते. अस्तराखाली गाठ असेल, वळ्या विनाकारण जाड झाल्या असतील किंवा कर्करोग किती खोल गेला हे पाहायचे असेल, तर ती अतिशय उपयोगी पडते. आईंच्या प्रश्नासाठी ती आज लागू नाही.

जंतू सापडलेच तर पूर्ण 14 दिवसांचा उपचार मध्येच न सोडता घ्यावा आणि तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी जंतू गेल्याची खात्री करावी. मेटाप्लेझिया त्यामुळे सहसा पूर्ववत होत नाही, परंतु सूज ओसरते आणि पुढचा धोका कमी होतो. आईंबरोबर भावंडांनी आणि मुलांनीही जंतूंची चाचणी करून घ्यावी. हा जंतू बहुधा लहानपणी घरातूनच पसरतो. मशेरी सोडवण्यासाठी मात्र कोणत्याही अहवालाची वाट पाहू नये. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी तिचा संबंध निर्विवाद आहे.

चिकोडी-सूक्ष्मदर्शक

मी पॅथॉलॉजी विभागात काम करतो. दुर्बिणीची चर्चा झाली, परंतु पुढचे अर्धे काम आमच्या टेबलावर होते आणि तिथे हमखास घोळ होतो, म्हणून लिहितो. पाच जागा म्हणजे अँट्रमची लहान आणि मोठी वक्रता, बॉडीची लहान आणि मोठी वक्रता, आणि जठराचा कोन, ज्याला इन्सिसुरा म्हणतात. अँट्रम आणि बॉडीचे तुकडे एकाच बाटलीत घालून पाठवले तर मेटाप्लेझिया कुठे आणि किती, हे आम्हाला सांगता येत नाही आणि सगळी मेहनत वाया जाते. एनबीआयखाली संशयास्पद दिसलेल्या जागेचा तुकडा स्वतंत्र बाटलीत, त्या जागेच्या नावासह यावा. विनंतीपत्रावर मामांच्या आजाराचा उल्लेख असावा. अहवालात मेटाप्लेझिया ‘कम्प्लीट’ (लहान आतड्यासारखा) की ‘इनकम्प्लीट’ (मोठ्या आतड्यासारखा), आणि झीज व मेटाप्लेझिया किती आहे हे मोजणाऱ्या ओल्गा व ओल्गिम या पद्धतींनुसार टप्पा कोणता, हे लिहून मागावे. इनकम्प्लीट प्रकारात धोका अधिक असतो आणि त्यावर पुढची तारीख बदलू शकते.

पहिल्या बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या त्या प्रयोगशाळेत जपून ठेवलेल्या असतात. अर्ज करून त्या मिळतात. नव्या ठिकाणी जाताना त्या सोबत न्याव्यात, म्हणजे जुने आणि नवे तुकडे एकाच डोळ्याखाली शेजारीशेजारी पाहता येतील आणि जुन्या तुकड्यांवर जंतूंसाठी विशेष रंगद्रव्य वापरून पुन्हा शोधही घेता येईल.